रिकाम्या खाटेचे वीस श्वास

त्या दिवशी धुकं असं दाट पडलं होतं, की दवाखान्याच्या अंगणात उभं राहिलं तर समोरची इमारत दिसेना. पुरुषांचा वॉर्ड रातोरात कुणी उचलून नेला की काय, असं वाटावं. तसं झालं असतं तरी ठसकाबाईंना फार दुःख झालं नसतं. त्या वॉर्डाचा कारभार साखर सिस्टरकडे होता, आणि साखर सिस्टरचं नाव निघालं की ठसकाबाईंच्या दाढा ठणकायला लागत.

सातला पाच कमी असताना त्या आपल्या, म्हणजे बायकांच्या, वॉर्डात शिरल्या. स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत ओढल्या, नळाखाली हात धुतले आणि ओले गार तळवे स्वतःच्याच मानेवर दाबून धरले. थंडीत पेशंटला हात लावायचा तर तो माणसाचा वाटला पाहिजे, बेडकाचा नाही, असं त्यांचं म्हणणं. मग रात्रपाळीच्या सिस्टरबरोबर खाटेखाटेपाशी जाऊन रात्रीची हकीकत घेतली. कुणाचं सलाईन संपत आलंय, कुणाला डोळ्याला डोळा लागला नाही, कुणी झोपेचं सोंग घेऊन शेजारणीच्या सुनेची सगळी गाऱ्हाणी ऐकली. हे झाल्यावर त्या दाराकडे वळल्या. तिथं नर्सिंगच्या सहा विद्यार्थिनी कपाटातल्या बाटल्यांसारख्या ओळीनं उभ्या होत्या.

"आलं का वऱ्हाड? उपाशी कोण आलंय?"

दोन हात भीत भीत अर्धे वर गेले.

"मावशी, यांना आधी चहा-बिस्किटं द्या. माझ्या वॉर्डात चक्कर येऊन पडायचा हक्क फक्त पेशंटला आहे."

मावशी म्हणजे वॉर्डातली झाडलोट, बेडपॅन आणि बातम्या या तिन्ही खात्यांची प्रमुख. वीस वर्षं दोघी एका वॉर्डात होत्या, आणि वीस वर्षं मावशी एकच गोष्ट सांगत आल्या होत्या, "सिस्टर, तुमचं मन चांगलं हो, पण तोंडाला कुलूप घाला." ठसकाबाईंचं उत्तरही ठरलेलं, "किल्ली हरवली."

ठसकाबाई हे नाव पोरींनीच पाडलेलं. बाई वॉर्डात आल्या की गरम तेलात मिरची पडल्यासारखा निम्म्या लोकांना ठसका लागे. नाव त्यांच्या कानावर गेलं होतं आणि त्यांना ते मनातून आवडलंही होतं. उलट हिशेब म्हणून त्यांनीही पोरींना नावं ठेवली होती. एक उंच, किडकिडीत मुलगी कशानंही रडायची. तिचं नाव नळ. दुसरी सगळं पळत पळत करायची. ती घाई.

त्या सकाळी घाईनं चार खाटांचे चार्ट दहा मिनिटांत भरून आणले. ताप, नाडी, बीपी, श्वास, सगळं जागच्या जागी. ठसकाबाईंनी कागद डोळ्यांपुढं धरला आणि हुंगल्यासारखं केलं.

"श्वास किती वेळ मोजलास?"

"अर्धा मिनिट, सिस्टर. मग दुप्पट केला. चालतं ना तसं?"

"आंघोळ कशी करतेस? अर्धं अंग धुतेस आणि दुप्पट झालं म्हणतेस?"

बाविसाव्या खाटेवरची बाई ऑक्सिजनच्या नळीतून हसली.

"पूर्ण एक मिनिट. घड्याळ समोर. आणि हात मनगटावर ठेवायचा, नाडी बघतेय असं दाखवायचं. श्वास मोजतेय हे पेशंटला कळलं, की तो फोटो काढायला बसल्यासारखा श्वास घ्यायला लागतो. जा, परत. आणि नळबाई, तुम्ही का डोळे भरताय? ओरडले हिच्यावर!"

"मी पण अर्धाच मिनिट मोजला होता, सिस्टर," नळ म्हणाली आणि सुरू झाली.

ठसकाबाईंचं सगळं शिकवणं एका वाक्यात मावत होतं, जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते लिहायचं नाही, आणि जे लिहिलं त्याच्यापुढं वेळ आणि सही. हे वाक्य त्या दिवसातून एवढ्यांदा म्हणत, की आठव्या खाटेवरची आजी भ्रमात असतानाही तेच बरळली होती.

साडेदहाला मावशी बादली तिथंच टाकून पळत आल्या. त्या पळतात म्हणजे बातमी मोठी.

"मेट्रनच्या दाराबाहेर यादी लागलीय. तुमचं नाव आहे."

"कितवं?"

मावशींनी बादलीकडे पाहिलं. "खालून बघायला लागलं तर पहिलं."

ही यादी कशाची, ते सांगायला हवं. महिन्यापूर्वी नर्सिंग कॉलेजातून एक तरुण मॅडम आल्या होत्या. वॉर्डातल्या जुन्या सिस्टर मुलींना शिकवतात खऱ्या, पण त्या मुलींना कितपत आधार देतात हे मोजायचं, असं कॉलेजनं ठरवलं होतं. मोजायचं काम त्यांच्याकडे, म्हणून मावशींनी त्यांना मोजणीताई म्हणायला सुरुवात केली. मोजणीताईंनी मुलींना पंचवीस प्रश्नांचा फॉर्म वाटला होता. प्रत्येक प्रश्नापुढे एक ते पाच आकडे, पटेल त्याला गोल करायचा. नाव लिहायचं नाही. अकरा मार्गदर्शक सिस्टर, त्यांची सरासरी, आणि ती आता भिंतीवर.

वर साखर सिस्टर. चार पूर्णांक नऊ. सगळ्यात खाली ठसकाबाई. एक पूर्णांक चार.

"एक पूर्णांक चार," ठसकाबाई मोठ्यानं म्हणाल्या. "एवढा तर माझा चष्म्याचा नंबर आहे."

शेजारी उभ्या असलेल्या दोघी-तिघी हसल्या. ठसकाबाईही हसल्या. पण कान तापले होते, आणि तापलेले कान टोपीखाली लपत नाहीत.

मेट्रन त्यांच्याच बॅचची. होस्टेलवर एका बादलीत दोघींचे कपडे भिजायचे. चारचौघांत मॅडम, दार लावलं की अगं-तुगं.

"बस."

"उभीच बरी आहे. एक पूर्णांक चार असलेल्या बाईनं खुर्ची अडवू नये."

"चेष्टा पुरे. कॉलेजनं कळवलंय. दोनच्या खाली असलेल्या मार्गदर्शकाकडे मुली ठेवायच्या नाहीत. उद्या ती मॅडम निरीक्षणाला येणार, तुझ्या वॉर्डात, दिवसभर. तिला काही वेगळं दिसलं तर ठीक. नाही तर एक तारखेपासून तुझ्या मुली साखरकडे."

"आणि मी?"

मेट्रननं टेबलावरचा पेपरवेट फिरवला. "लिनन रूम रिकामी आहे. चौदा महिने राहिलेत तुझे निवृत्तीला. शांतपणे काढ."

"चादरी मोजू?"

"चादरी उलट बोलत नाहीत."

"म्हणूनच," ठसकाबाई म्हणाल्या आणि दार आपटायचं राहून गेलं म्हणून परत येऊन आपटून गेल्या.

दिवसभर त्यांनी पोरींशी एक अक्षर काढलं नाही. मनात मात्र खलबत्ता चालू होता. कुणी केलं असेल? नळनंच. परवा तिला एकाच पेशंटचा श्वास पाचदा मोजायला लावला होता. की घाईनं? सहाच्या सहाजणींनी मिळून? यांच्या पोटात बिस्किटं कुणी घातली? पहिल्यांदा इंजेक्शन देताना यांचे हात थरथरत होते तेव्हा स्वतःचा दंड पुढे कुणी केला? एका आठवड्यात तो दंड चाळणीसारखा झाला होता!

घरी नवरा अंगणात बसून वजनकाटा दुरुस्त करत होता. त्याचं तेच काम, दुकानादुकानांतले काटे सुधारून द्यायचे. स्वभावानं इतका थंड, की लग्नात त्याला बघून ठसकाबाईंच्या आईनं विचारलं होतं, जावई झोपलेत का?

"मला पोरींनी तोललं," ठसकाबाई पायऱ्यांवरच बसल्या. "एक पूर्णांक चार."

"कशापैकी?"

"पाचापैकी."

त्यानं काट्याचं पारडं फुंकलं. "आधी काटा तपासला का कुणी?"

"तुला सगळीकडे काटेच दिसतात."

"तुझ्याशी संसार केल्यावर काय दिसणार?"

एरवी त्यांनी यावर सव्याज परतफेड केली असती. आज गप्प बसल्या. ते पाहून नवऱ्यानं पारडं खाली ठेवलं. ही बाई गप्प बसते म्हणजे ताप मोजायला हवा.

"लागलं का गं फार?"

"चादरी मोजायला घालतायत मला," त्या म्हणाल्या. "सकाळी सातला कुणी नसणार दारात. सहा मूर्ख कार्ट्या नसणार. मी कुणाला विचारू, कोण उपाशी आलंय? उशीच्या अभ्र्यांना?"

नवरा उठला. त्यानं आत जाऊन चहा टाकला, हे त्याचं बोलणंच.

ठसकाबाई अशा का झाल्या, हे त्यांनी त्याला लग्नानंतर नवव्या वर्षी सांगितलं होतं, त्याआधी नाही. त्या स्वतः विद्यार्थिनी होत्या तेव्हाची गोष्ट. त्यांची मार्गदर्शक सिस्टर लोण्यासारखी मऊ. एका सकाळी ठसकाबाईंनी, म्हणजे तेव्हाच्या एकोणीस वर्षांच्या पोरीनं, सोळा खाटांच्या श्वासाच्या रकान्यात वीस, वीस, वीस असं ओढत नेलं. सगळेच तसं करायचे. वीस हा आकडा नेहमीचाच, कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. अकराव्या खाटेवरची बाई तेव्हा धापा टाकत होती. दुपारी त्या खाटेवर दुसरी चादर घातली होती. डॉक्टरांनी चार्ट पाहिला, सकाळपर्यंत सगळं ठीक होतं म्हणाले. मऊ सिस्टरनं पाठीवरून हात फिरवला, "होतं गं असं." कुणी एक शब्दही बोललं नाही. कुणीतरी ओरडायला हवं होतं. ते न झालेलं ओरडणं ठसकाबाई पुढची अडतीस वर्षं सगळ्यांना वाटत सुटल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी ठरवलं, साखर व्हायचं. एका दिवसाचा तर प्रश्न. मोजणीताईंना काही वेगळंच बघायचंय ना? दाखवू. त्या वॉर्डात शिरल्या, आणि हसल्या.

आठव्या खाटेवरच्या आजीनं ते हसू पाहिलं आणि उठून बसली. "सिस्टर, माझे रिपोर्ट वाईट आले का हो?"

"नाही हो आजी. छान आहेत."

"छान?" आजीचा आवाज चिरकला. "तुम्ही मला छान म्हणालात? लेकाला बोलवा. सोनं कुणाला द्यायचं ते सांगून ठेवते."

मोजणीताई वही घेऊन कोपऱ्यात स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. ठसकाबाई पोरींकडे वळल्या. "या गं बाळांनो."

सहाजणी एक पाऊल मागे सरकल्या. मावशींच्या हातातला बेडपॅन खाली पडला. रिकामा होता, हे त्या वॉर्डाचं नशीब.

अर्ध्या तासात वॉर्डाची पार दशा झाली. घाईनं चार्ट आणला. श्वास अर्धा मिनिट मोजलेला, हे ठसकाबाईंना आकडे बघूनच कळलं, सगळेच्या सगळे सम. दुप्पट केलेला आकडा कधी विषम येत नाही. जीभ टाळूला टेकून वाट बघत होती. ठसकाबाईंनी ती गिळली. "छान हो बाळ." घाई पांढरीफटक पडली, कागद हिसकावून घेतला आणि न सांगता परत मोजायला गेली. एका बाईनं दुसरीला कुजबुजून विचारलं, सिस्टरांच्या घरी काही वाईट झालं का? आणि नळ ड्रेसिंगची ट्रॉली ढकलत आली, ठसकाबाईंच्या समोर थांबली, आणि फुटली.

"सिस्टर, तुम्ही रागवत का नाही आम्हाला?"

"रागवू कशाला? तुम्ही मला एक पूर्णांक चार दिलेत. आधार कमी पडला म्हणे. घ्या आधार. हसतेय ना मी? बत्तीस दात मोजून घे, दोन पडलेत."

"आम्ही?" नळचं रडणं मध्येच थांबलं. असं प्रथमच घडत होतं. "आम्ही नाही दिले एक पूर्णांक चार!"

"मग फॉर्म काय मांजरीनं भरले?"

"भरलेच नाहीत, सिस्टर. म्हणजे भरले. पण जे पाहिलं नाही ते नाही भरलं."

मोजणीताई स्टुलावरून उठल्या. "ते विचारायचंच होतं मला. या वॉर्डाचे फॉर्म निम्म्याहून जास्त कोरे आहेत. आणि कडेला बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलंय. मशिननं फक्त गोल वाचले."

"आणि कोऱ्याचं काय केलं मशिननं?" ठसकाबाईंनी विचारलं.

मोजणीताईंनी वहीची पानं चाळली. मग हळूच म्हणाल्या, "शून्य धरलं असणार."

ठसकाबाईंना अंगणात बसून पारडं फुंकणारा आपला नवरा आठवला, आणि त्याचं म्हणणं बरोबर निघाल्याचा वेगळाच संताप आला.

पिशवीतून सहा फॉर्म निघाले. ते औषधांच्या टेबलावर पसरले आणि दोघींनी चष्मे लावले. नाव लिहू नका असं वर ठळक छापलेलं, आणि खाली प्रत्येक ओळीपुढे वेळ आणि सही. सहाही फॉर्मांवर. शिकवलेलं इतकं अंगात मुरलेलं, की गुप्त कागदावरसुद्धा पोरी सही करून मोकळ्या झाल्या होत्या.

मोजणीताई वाचू लागल्या. "मार्गदर्शक रात्रपाळीत आधार देतात. कोरं. कडेला लिहिलंय, अजून रात्रपाळी केली नाही, पाहिलं नाही. अकरा वीस. सही. मार्गदर्शक हसतमुखानं बोलतात. कोरं. दिसलं नाही. सही."

"खरं आहे," मावशी मागून म्हणाल्या.

"माझा आत्मविश्वास वाढला. सकाळी सात चाळीसला वाढला, सव्वानऊला कमी झाला, बाराला पुन्हा वाढला. सही." मोजणीताईंच्या ओठांचा कोपरा हलायला लागला होता. "मार्गदर्शक माझ्या अडचणी समजून घेतात. चहा-बिस्किटं देतात, रोज, सात पाच. बाकी अडचणी सांगितल्या नाहीत, त्यामुळे माहीत नाही."

ठसकाबाई दोन्ही हात कमरेवर ठेवून ऐकत होत्या. मान हळूहळू वर जात होती. मग त्यांनीच पुढचा फॉर्म ओढला आणि मान जिथल्या तिथं थांबली.

मार्गदर्शक माझ्या चुका एकांतात दाखवतात. गोल एकावर. कडेला नळचं गोल गोल अक्षर. *बुधवारी अकरा दहाला सगळ्या वॉर्डासमोर दाखवली. चूक माझीच होती. तरी खूप वाईट वाटलं. माझी आई तेव्हा वॉर्डाबाहेर बाकावर बसली होती.* सही.

बाविसाव्या खाटेचा ऑक्सिजन तेवढा बुडबुडत होता.

"आई आली होती तुझी?"

नळनं मान हलवली. "डबा द्यायला."

"सांगायचं नाही?"

"तुम्ही ओरडत होता, सिस्टर."

ठसकाबाईंनी फॉर्म जागेवर ठेवला, कडा जुळवल्या, पुन्हा जुळवल्या. जुळलेल्याच होत्या.

"बरोबर लिहिलंयस," त्या म्हणाल्या. "पाहिलंस ते लिहिलंस. असंच लिहायचं."

मोजणीताईंनी तिथंच फोनवर हिशेब मांडला. कोरे वगळून सरासरी तीन पूर्णांक दोन. अकराजणींत सातव्या.

"सातव्या," मावशी म्हणाल्या. "म्हणजे डोक्यावर बसवायलाही नको आणि पायदळी तुडवायलाही नको."

"पण मग एक कळत नाही," मोजणीताई कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या. "पुरुषांच्या वॉर्डातल्या मुलींनीही रात्रपाळी केलेली नाही. त्यांनी रात्रपाळीच्या आधाराला पाच दिलेत. जवळजवळ सगळ्यांनी, सगळ्याला पाच. ओढत गेल्यासारखे."

ओढत गेल्यासारखे, हे शब्द ठसकाबाईंच्या कानात काट्यासारखे घुसले.

"चला माझ्याबरोबर," त्या म्हणाल्या. "आणि वही मिटा. तुम्ही सांगून मोजायला आलात, म्हणून मी सकाळपासून सोंगाड्यासारखी हसतेय. मनगट धरायचं, नाडी बघतोय असं दाखवायचं, आणि मोजायचा श्वास. चला, आपण चादरी मागायला चाललोय."

धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं. अंगण ओलांडून दोघी पुरुषांच्या वॉर्डात गेल्या. साखर सिस्टर टेबलाशी बसून मुलींना चॉकलेटं वाटत होती. मुली खुशीत, पेशंट खुशीत, खिडकीतलं रोपटंही खुशीत. ठसकाबाई खाटांच्या पायथ्याशी लटकवलेले चार्ट बघत निघाल्या. पहिली खाट, श्वास वीस. दुसरी, वीस. तिसऱ्यावरचा म्हातारा खोकून खोकून दुमडला होता. वीस. नवव्या खाटेपाशी त्या थांबल्या.

खाट रिकामी होती. गादी उघडी, उशी नाही. माणूस काल संध्याकाळीच बरा होऊन घरी गेला होता. पायथ्याशी चार्ट तसाच लटकत राहिलेला, आणि आजच्या तारखेला सकाळी आठ वाजता ताप अठ्ठ्याण्णव, नाडी बहात्तर, श्वास वीस.

ठसकाबाई गादीवर वाकल्या, मनगट धरल्यासारखं हवेत बोटं मिटली आणि घड्याळाकडे पाहिलं. पूर्ण एक मिनिट तशाच राहिल्या. वॉर्डातल्या सगळ्या माना तिकडं वळल्या.

"बाबांचा श्वास सापडत नाहीय," त्या शेवटी म्हणाल्या. "वीस कुठून आणले गं पोरींनो?"

चॉकलेटवाल्या पोरींपैकी एकीचा घास घशात अडकला आणि तिला खराखुरा ठसका लागला. साखर सिस्टर धावत आली, चार्ट पाहिला आणि तोंडावर हात ठेवला.

ठसकाबाईंच्या जिभेवर वीस वर्षांचा दारूगोळा तयार होता. सगळा वॉर्ड बघत होता, दाराशी कुणाची तरी आई असेलही. त्यांनी साखर सिस्टरचा दंड धरला आणि तिला औषधांच्या कपाटामागं नेलं.

तिथं काय बोलणं झालं ते वॉर्डाला ऐकू आलं नाही, आणि ठसकाबाईंच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच घडलं. मोजणीताईंना मात्र थोडं ऐकू आलं.

"मला ओरडता येत नाही गं," साखर सिस्टर म्हणत होती. "ओरडले की मलाच रडू येतं."

"मग तुझ्या पोरी माझ्याकडे पाठव आठवड्यातून दोनदा, मी ओरडते. माझ्याकडे एक नळ आहे, तिला तू चॉकलेट दे. पण तो म्हातारा बघ आधी, तिसऱ्या खाटेचा. तीसच्या खाली नाही त्याचा श्वास."

बत्तीस निघाला. डॉक्टरांना बोलावलं, म्हाताऱ्याला ऑक्सिजन लागला, आणि दुपारपर्यंत तो पुन्हा डॉक्टरांना नावं ठेवण्याइतका ठणठणीत झाला.

संध्याकाळी मेट्रननं दार लावून घेतलं. मोजणीताईंचा कागद तिच्यापुढं होता.

"यादी काढायला लावलीय भिंतीवरून. नवी लागेल. मुली तुझ्याकडेच राहतील."

"उपकार."

"पण ते एकांताचं मात्र सहाजणींनी लिहिलंय. सहाजणींनी! चारचौघांत अंगावर जायचं नाही आता. चूक बाजूला घेऊन सांगायची."

"या दवाखान्यात बाजूला कुठं असतं? जिन्यात नातेवाईक, बाथरूममध्ये रांग. दाखव मला एकांत."

मेट्रननं पेपरवेट फिरवला. ओठ दाबलेले होते. मग तिनं खणातून एक किल्ली काढून टेबलावर सरकवली. लिनन रूमची.

"रिकामीच आहे," ती म्हणाली.

दोन दिवसांनी धुकं नव्हतं, नुसती कोरडी बोचरी थंडी होती. सातला पाच कमी असताना ठसकाबाईंनी तळवे मानेवर गरम केले, बावीस खाटांची हकीकत घेतली, उपाशी आलेल्या दोघींना चहा-बिस्किटं दिली. साडेआठला नळनं चौथ्या खाटेचं औषध पाचव्या खाटेच्या ट्रेमध्ये ठेवलं. गोळी पोटात जायच्या आधी ठसकाबाईंनी ट्रे पकडला. तोंड उघडलं. बाविसाव्या खाटेची बाई मजा बघायला उशीवर सावरून बसली.

तोंड मिटलं.

"चल," ठसकाबाई म्हणाल्या.

लिनन रूमचं दार आतून लागलं. चादरींच्या चळती छतापर्यंत रचलेल्या, त्यामुळे आवाज बराचसा शोषला गेला. सगळा नाही. बाहेर मावशी झाडू टेकवून उभ्या होत्या आणि घड्याळ बघत होत्या. पूर्ण चार मिनिटं. मग दार उघडलं. नळचं नाक लाल होतं, पण पाणी वाहत नव्हतं. ती सरळ चौथ्या खाटेकडे गेली आणि नाव विचारून, मनगटावरची पट्टी वाचून, पुन्हा नाव विचारून गोळी दिली.

"झालं का समाधान?" मावशींनी ठसकाबाईंना विचारलं.

"बंद खोलीत ओरडायला मजा येत नाही हो मावशी. आवाज परत आपल्यावरच येतो."

रिकाम्या हातानं परत कशाला यायचं, म्हणून त्यांनी काखेत चार धुतलेल्या चादरी मारल्या होत्या. बाराव्या खाटेवरची बाई आंघोळीला गेली होती. ठसकाबाईंनी जुनी चादर एका झटक्यात ओढली, गादी थोपटली, आणि नवीन चादरीचं एक टोक नळकडे फेकलं.

"कोपरा धर. नीट खोच. घडी पडली तर पाठीला टोचते."